अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी: कॉलेजचा सुरक्षा अहवाल कसा वाचायचा? (क्लेरी कायदा)

माजघर (धागाकर्ती)

एप्रिल उजाडला की एमएसच्या ॲडमिट्स हातात येतात आणि ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात, "अमुक युनिव्हर्सिटी सेफ आहे का गं?" कुणी सांगतं, माझा भाचा तिथे होता, काही त्रास झाला नाही. कुणी सांगतं, ते शहरच वाईट. दोन्ही उत्तरं ऐकीव. खरं तर या प्रश्नाचं लेखी उत्तर इथल्या कॉलेजांना कायद्याने दरवर्षी द्यावं लागतं. ते फुकट मिळतं, आणि आपल्यातले फार थोडे पालक ते उघडून बघतात. मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृह विभागात काम करते. या अहवालासाठी आमच्याकडूनही माहिती जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी हा कायदा कुठून आला ते सांगते. जीन क्लेरी ही १९ वर्षांची मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावी लीहाय विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. तिचे भाऊ न्यू ऑर्लिन्सच्या टुलेनमध्ये शिकलेले. तिकडे एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचं कळल्यावर आईवडिलांनी टुलेन नको म्हटलं आणि हिरवंगार, शांत दिसणारं लीहाय निवडलं. ५ एप्रिल १९८६ च्या पहाटे तिथल्याच एका विद्यार्थ्याने तिच्या वसतिगृहाच्या खोलीत शिरून तिच्यावर बलात्कार केला आणि तिचा खून केला. तो तिच्या ओळखीचाही नव्हता. आपोआप कुलूप लागणारी तीन दारं ओलांडून तो आत आला, कारण मुलांनी येण्याजाण्याच्या सोयीसाठी त्या दारांत पिझ्झाचे खोके अडकवून ठेवले होते. आधीच्या तीन वर्षांत त्या कॅम्पसवर हिंसक गुन्ह्यांच्या ३८ घटना घडल्या होत्या, हे आईवडिलांना नंतर समजलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची सक्तीच नव्हती.

कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी यांनी विद्यापीठावर दावा लावला, तडजोडीच्या पैशातून संस्था उभी केली आणि आधी राज्यात, मग वॉशिंग्टनमध्ये कायद्यासाठी पाठपुरावा केला. पेनसिल्व्हेनियाचा कायदा १९८८ ला झाला, केंद्राचा १९९० ला. १९९८ मध्ये त्याला जीनचं नाव दिलं.

सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला हा कायदा लागू आहे, म्हणजे आपली मुलं जातात ती जवळजवळ सगळीच. दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत वार्षिक सुरक्षा अहवाल काढावा लागतो आणि त्यात मागच्या तीन कॅलेंडर वर्षांचे आकडे असतात. कॉलेजच्या नावापुढे 'ॲन्युअल सिक्युरिटी रिपोर्ट' लिहून शोधा, लगेच मिळेल. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर दोन-चार कॉलेजं शेजारी शेजारी ठेवूनही बघता येतात.

अहवाल शंभरेक पानांचा असला तरी घाबरू नका. बरीचशी पानं धोरणांची असतात. थेट तक्त्याकडे जा. आडव्या ओळींत गुन्हे असतात: खून, बलात्कार, जबरी चोरी, गंभीर मारहाण, घरफोडी, वाहनचोरी, जाळपोळ. २०१३ च्या दुरुस्तीनंतर जोडीदाराकडून होणारी हिंसा, कौटुंबिक हिंसा आणि पाठलाग हेही आले. पुढे दारू, ड्रग्ज आणि शस्त्रांबद्दलच्या अटका आणि शिस्तभंगाच्या कारवाया. उभे रकाने मात्र नीट वाचा: कॅम्पसवर, त्यापैकी वसतिगृहात, कॅम्पसपासून लांब पण विद्यापीठाच्या किंवा अधिकृत विद्यार्थी संघटनेच्या ताब्यातल्या जागा, आणि कॅम्पसला लागून असलेले सार्वजनिक रस्ते-फुटपाथ. वसतिगृहाचा आकडा कॅम्पसच्या आकड्यात आधीच धरलेला असतो. दोन्हींची बेरीज केलीत तर एकच घटना दोनदा मोजली जाईल.

आता मला जे कळकळीने सांगायचंय ते. आकडा मोठा दिसला म्हणून ते कॉलेज वाईट असं समजू नका, आणि शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. हजारो मुलं राहतात अशा ठिकाणी बलात्काराच्या ओळीत तिन्ही वर्षं शून्य असेल, तर माझा पहिला अर्थ हा की तिथे कुणी सांगायला येत नाही, किंवा आलेलं ऐकलं जात नाही. जिथे मुलींना तक्रार करायला आधार मिळतो तिथे नोंदी वाढतात. आमच्याकडे जनजागृतीचं काम वाढलं तशा नोंदीही वाढल्या, आणि पालकसभेत आम्हाला त्याचाच जाब विचारला गेला. खूप वाईट वाटतं अशा वेळी.

विचारा काय विचारायचं ते.

---

नाशिकचा_बाबा

ताई, अगदी वेळेवर आला हा धागा. लेक ऑगस्टमध्ये निघतेय. दोन ठिकाणचे अहवाल काल रात्री बसून पाहिले. एकात आकडे दुसऱ्याच्या तिपटीने आहेत, आणि घरात सगळ्यांचा कल अर्थातच दुसऱ्याकडे. तुमचं वाचून थांबलोय.

अजून एक. ती वसतिगृहात राहणार नाही. आणखी तिघींबरोबर फ्लॅट बघतायत, कॅम्पसपासून मैलभर. मग तिला यातल्या कुठल्या रकान्याचा उपयोग?

---

माजघर

दादा, नेमका प्रश्न विचारलात. उत्तर असं की कुठल्याच नाही.

आपली एमएसची मुलं बहुतेक करून खासगी फ्लॅटमध्ये राहतात, तिथे घरभाडं स्वस्त पडतं म्हणून. विद्यापीठाची मालकी नाही, करार नाही, असा खासगी फ्लॅट अगदी कॅम्पसला लागून असला तरी कायद्याच्या हद्दीत येतच नाही. तिथे झालेली घरफोडी त्या तक्त्यात दिसणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयडाहोतल्या मॉस्को गावात चार विद्यार्थ्यांचा खून झाला. घर कॅम्पसच्या अगदी जवळ, पण बाहेरचं आणि भाड्याचं. देशभर बातमी झाली, तरी अशा घरातला खून या हद्दीत मोडत नाही.

म्हणून फ्लॅटसाठी वेगळी चौकशी करा. बऱ्याच शहरांच्या पोलिसांचे गुन्ह्यांचे नकाशे ऑनलाइन असतात. पत्ता टाकून मागच्या काही महिन्यांचं बघा. लीजवर सही करण्याआधी तिथे राहून गेलेल्या मुलांना विचारा: इमारतीचं मुख्य दार खरंच बंद होतं का, पार्किंगमध्ये दिवे लागतात का, लायब्ररीतून रात्री बाराला निघालं तर शेवटची बस कितीची. पुष्कळ विद्यापीठांत रात्री घरी सोडणारी मोफत गाडी असते, पण तिची ठरलेली हद्द असते. फ्लॅट त्या हद्दीत आहे का, एवढं नक्की विचारा. माझ्या मते भाड्यात पन्नास डॉलर जास्त गेले तरी चालतील, पण घर त्या हद्दीतलं घ्यावं.

आणि दोन कॉलेजांच्या आकड्यांबद्दल: आधी विद्यार्थीसंख्या आणि वसतिगृहात किती जण राहतात ते बघा. पंचेचाळीस हजारांचं विद्यापीठ आणि सहा हजारांचं, यांची नुसत्या आकड्यांवर तुलना होत नाही.

---

खडूफळा

मी सध्या इथे पीएचडी करतेय. ताईंच्या म्हणण्यात थोडी भर.

लायब्ररीत लॅपटॉप टेबलावर ठेवून कॉफी आणायला गेलं आणि तो गेला, तर वार्षिक तक्त्यात तो मोजला जात नाही. साधी चोरी त्यात धरतच नाहीत, द्वेषातून झालेली असेल तरच धरतात. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र सगळ्यात जास्त हेच होतं: सायकली, लॅपटॉप, दारात ठेवलेली पार्सलं. त्यासाठी दैनंदिन गुन्हे नोंदवही बघायची. कॅम्पस पोलीस किंवा सुरक्षा विभाग असलेल्या कॉलेजला ती ठेवावीच लागते. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत नोंद, आणि मागच्या साठ दिवसांची वही कुणीही मागितली तर दाखवायची. विद्यार्थीच असायला हवं असंही नाही. बऱ्याच ठिकाणी ती ऑनलाइन असते. मी इथे यायच्या आधी पुण्यात बसून वाचली होती. कुठल्या इमारतीतून सायकली जातात ते यायच्या आधीच कळलं होतं!

दुसरं, अलर्ट. दोन प्रकार असतात. चालू धोका असेल, म्हणजे कुणी बंदूक घेऊन फिरतंय, गॅस गळती, वादळ, तर लगेच सगळ्यांना आणीबाणीची सूचना. आणि गुन्हा घडून गेलाय पण पुन्हा घडण्याची शक्यता आहे, तर 'टायमली वॉर्निंग'. फोनवर येतं ते साधारण असं: अमुक रस्त्याच्या कोपऱ्यावर रात्री सव्वाबाराला जबरी चोरी, दोन संशयित, उत्तरेकडे पायी गेले, तो भाग टाळा. नोंदणी करताना भारतातला मोबाइल नंबर दिला असेल, तर इथला मिळाला की लगेच बदला. कितीतरी जणांचे मेसेज बंद झालेल्या भारतातल्या नंबरवर जात राहतात.

काही ठिकाणी पालकांनाही अलर्ट घेता येतात. माझ्या आईने घेतले आणि महिनाभर तिला झोप लागली नाही. आई-बाबांनो, घ्या, पण अलर्ट आला म्हणजे यंत्रणा काम करतेय असं समजा.

---

चौकस

लेख उत्तम आहे, पण दुसरी बाजूही यावी. कायदा असून काय उपयोग झाला?

व्हर्जिनिया टेकचं उदाहरण घ्या. १६ एप्रिल २००७. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या. विद्यापीठाचा पहिला ईमेल गेला ९:२६ ला. त्यात होतं काय, तर एका वसतिगृहात गोळीबाराची घटना घडली, पोलीस तपास करतायत. मारेकरी मोकळा आहे हे त्यात नाही. नऊ-चाळीसच्या सुमारास तोच मारेकरी नॉरिस हॉलमधल्या वर्गांत शिरला. एकूण ३२ जणांचे बळी गेले, त्यात आपल्या मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. एवढं होऊन शेवटी दंड किती, तर ३२,५०० डॉलर! एका परदेशी विद्यार्थ्याची वर्षाची फी त्याहून जास्त भरेल.

---

माजघर

चौकस, तुमचा राग मला पटतो. त्या दोन तासांबद्दल इथे अजूनही बोललं जातं. पण त्यानंतर काय झालं तेही सांगायला हवं. २००८ मध्ये कायदा बदलला आणि धोक्याची खात्री पटताच विनाविलंब सूचना देण्याची सक्ती झाली. आज मुलांच्या फोनवर मिनिटांत मेसेज येतो, वर्षातून एकदा यंत्रणेची चाचणी घ्यावी लागते, ते सगळं तिथूनच आलं.

दंडही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. आता एकेका उल्लंघनाला सत्तर हजार डॉलरच्या आसपास दंड होऊ शकतो, आणि उल्लंघनं शेकड्यांनी निघतात. पेन स्टेटला २०१६ मध्ये सुमारे २४ लाख डॉलर, मिशिगन स्टेटला २०१९ मध्ये ४५ लाख, आणि मार्च २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख. लिबर्टीच्या चौकशीत असं निघालं की अत्याचाराची तक्रार घेऊन येणाऱ्या मुलींवरच विद्यापीठाचे आचारनियम मोडल्याबद्दल कारवाई व्हायची, त्यामुळे मुली पुढेच येत नव्हत्या. शून्याबद्दल मी वर एवढं का बोलले, ते यावरून लक्षात येईल.

मला सगळ्यात जास्त चटका लावून गेलेली घटना ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाची. डिसेंबर २००६ मध्ये एक विद्यार्थिनी वसतिगृहाच्या खोलीत मृतावस्थेत सापडली. घातपाताचा संशय नाही, असं विद्यापीठाने कळवलं. आईवडिलांनी तेच खरं मानून लेकीचे अंत्यसंस्कार केले. दहा आठवड्यांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याला बलात्कार आणि खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा त्यांना खरं समजलं. तोपर्यंत तो त्याच कॅम्पसवर वावरत होता. विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं, साडेतीन लाख डॉलर दंड झाला. हा कायदा नसता तर ते प्रकरण कुठल्या नियमाखाली उभं केलं असतं, मला सांगा.

शुक्रवारी संध्याकाळी मी इमारतीतून चक्कर मारते तेव्हा आजही एखाद्या बाजूच्या दारात चप्पल किंवा दुमडलेला पुठ्ठा सापडतो. काढते आणि दार बंद होईपर्यंत उभी राहते. मुलांना हे सांगून पाठवा, कृपा करून. आपलंच दार नव्हे, इमारतीचंही.

---

सुपारी

एक विचारायचं होतं. माझ्या मैत्रिणीच्या मागे तिच्या लॅबमधला एक मुलगा लागला होता. रोज बसस्टॉपवर उभा, रात्री मेसेज, एकदा फ्लॅटच्या खालीसुद्धा. ती कुणाकडे गेली नाही. एक तर व्हिसाची भीती, दुसरं म्हणजे तो आपल्यातलाच, गावाकडे बातमी जाईल. शेवटी तिने लॅब सोडली, वर्ष लांबलं. अशा वेळी कुणाला सांगायचं? पोलिसांकडेच जायला लागतं का?

---

माजघर

सुपारी, वाचून फार वाईट वाटलं. तिने गमावलेलं वर्ष परत येणार नाही, पण पुढच्या मुलींसाठी लिहिते.

पोलिसांकडे जायलाच हवं असं नाही. प्रत्येक कॉलेजात काही लोकांवर ऐकलेला गुन्हा कळवण्याची जबाबदारी असते. त्यांना 'कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी' म्हणतात. मीही त्यातलीच एक. वसतिगृहाचे आरए (मजल्यावरच्या मुलांकडे लक्ष ठेवणारे विद्यार्थी सहायक), खेळांचे प्रशिक्षक, विद्यार्थी संघटनांचे सल्लागार, डीनच्या कार्यालयातले लोक. आकडेवारीसाठी आम्ही घटना कळवतो, त्यासाठी पीडितेचं नाव द्यावं लागत नाही. अगदी कुणालाच कळायला नको असेल तर समुपदेशन केंद्रातल्या व्यावसायिक समुपदेशकाकडे जावं. त्यांच्यावर ही सक्ती नाही. नुसता वर्ग शिकवणारे प्राध्यापक सहसा या यादीत नसतात, पण अनेक विद्यापीठांचे स्वतःचे नियम त्यांना टायटल नाइनच्या (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या केंद्रीय कायद्याच्या) कार्यालयाला कळवायला लावतात. म्हणून बोलण्याआधी थेट विचारावं, "हे तुमच्यापाशीच राहील का?"

आता महत्त्वाचं. पाठलाग हा २०१३ पासून या कायद्यातला गुन्हा आहे. अशी तक्रार आली की कॉलेजने मुलीला तिचे हक्क लेखी द्यायचे असतात, आणि घटना कॅम्पसवर घडली की बाहेर, याने फरक पडत नाही. फ्लॅटखाली उभं राहणंसुद्धा यात येतं. आकड्यांची हद्द वेगळी, मदतीची वेगळी. तिने मागितलं आणि शक्य असेल तर वर्ग, राहण्याची जागा, कॅम्पसवरचं काम यांत बदल करून द्यावा लागतो, पोलिसांत फिर्याद दिली असो वा नसो. लॅब बदलून मागण्याचा हक्क तिला होता, आणि वर्ष वाचवण्याचा प्रयत्न कॉलेजने करायला हवा होता. मेसेज पुसून टाकू नका. स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, जागा एका वहीत लिहून ठेवा.

व्हिसाचं: तक्रार केल्यामुळे एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंदी एकाएकी बंद केल्या गेल्या, त्यात जुन्या किरकोळ पोलीस प्रकरणांत नाव आलेली मुलं होती. कोर्टात दावे गेल्यावर महिनाअखेरीस नोंदी परत सुरू झाल्या. तेव्हापासून मुलं पोलीस म्हटलं की दचकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण ती कारवाई मुख्यतः पोलिसांच्या नोंदीत नाव आलेल्यांवर होती, आणि कॉलेजच्या कार्यालयात केलेली तक्रार म्हणजे पोलिसांतली नोंद नव्हे. शंका असेल तर विद्यापीठाच्या विद्यार्थी विधी सेवेत जावं. अनेक ठिकाणी ती मोफत असते.

---

कोर्टाची_पायरी

मुंबईत वकिली करतो. आपल्याकडे काय आहे ते थोडक्यात. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करून, तथ्य दिसलं तर पोलिसांकडे पाठवायची. केलं नाही तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. यूजीसीचे नियम २००९ चे, रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आणि त्यावर यूजीसीचे २०१५ चे नियम, अंतर्गत समिती बंधनकारक.

म्हणजे तक्रारीची वाट आहे. पण अमुक कॉलेजात तीन वर्षांत काय काय घडलं हे प्रवेश घेण्याआधी पालकाला एका तक्त्यात वाचायला मिळेल, असं बंधन आपल्याकडे नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकावा लागतो, तोही सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या संस्थेत. मला हे फार खटकतं.

अमेरिकेने रॅगिंगच्या बाबतीत मात्र उशीर केला ना?

---

माजघर

हो, खूपच. हॅझिंगमध्ये, म्हणजे फ्रॅटर्निटीत (मुलांच्या निवडक सदस्यांच्या संघटनेत) घेण्याआधी मुलांना अमानुष दारू पाजणं वगैरे, मुलं मरत होती आणि पालक वर्षानुवर्षं मागे लागले होते. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि हॅझिंगच्या नोंदी क्लेरीच्या कक्षेत आल्या. दोषी ठरलेल्या संघटनांची नावं कॉलेजने आपल्या संकेतस्थळावर द्यायची, आणि ऑक्टोबर २०२६ च्या वार्षिक अहवालापासून आकडेही. पदवीसाठी जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी ती नावांची यादी जरूर वाचावी.

---

नाशिकचा_बाबा

शेवटचं विचारतो ताई. फोन लागला नाही तर आम्ही कुणाला धरायचं? कॉलेज आम्हाला काही सांगतं का?

---

माजघर

मूल १८ वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की नोंदींवरचा हक्क त्याचा. साधारणपणे कॉलेज तुम्हाला काही सांगणार नाही. जीवाला धोका असेल तर अपवाद आहे, पण तो वापरायचा की नाही ते कॉलेज ठरवतं. वसतिगृहातल्या मुलांना, बेपत्ता झाल्यास कुणाला कळवायचं, असं नाव गोपनीय ठेवून देता येतं, आणि २४ तास पत्ता लागला नाही की त्या व्यक्तीला आणि पोलिसांना कळवणं कॉलेजला भाग असतं. फ्लॅटमधल्या मुलांना ही सोय नाही.

म्हणून चौघींच्या आईवडिलांनी आत्ताच एकमेकांचे नंबर घ्या. फ्लॅटचा पूर्ण पत्ता, घरमालकाच्या कार्यालयाचा फोन आणि त्या शहराच्या पोलिसांचा साधा दहा आकडी नंबर लिहून ठेवा. नाशिकहून ९११ लावलात तर तिथे लागणार नाही. त्या दहा आकडी नंबरवर 'वेलफेअर चेक' हवा म्हणून पत्ता सांगितलात की पोलीस दारावर जाऊन बघून येतात. २४ तास थांबायची गरज नाही. लेकीला विमानात बसवण्याआधी हा नंबर तिच्याही फोनमध्ये घालून द्या. लीज पाठवलीत तर हद्दीचं मी बघून सांगते, व्यनि करा.